आमच्या घरातला कॉम्प्युटर

आजकाल कुणाच्याही घरी गेलं की आई-वडिलांची एकच तक्रार कानावर येते. मुलगा मोबाइल सोडत नाही. जेवताना गेम, अभ्यासाच्या वेळी गेम, पाहुणे आले तरी मान वर होत नाही. तक्रार खरी आहे. पण वीस वर्षांपूर्वी आम्हीही अशीच मुलं होतो आणि आमची अम्मीही अशीच तक्रार करत होती. ‘आँखां जाएंगे तुमारे,’ हे तिचं रोजचं वाक्य होतं. त्या वेडातून आमच्या घरात बरकत आली, आणि त्याच वेडातून एकदा आमचं घर बुडता बुडता वाचलं. दोन्ही गोष्टी आम्ही पाहिल्या आहेत. म्हणून दोन्ही सांगतो.

हा लेख आम्ही तिघा भावंडांनी मिळून लिहिला आहे. थोरली बहीण, जिला घरात सगळे आपा म्हणतात, आणि तिच्या पाठचे आम्ही दोघे भाऊ. पुढे एका ठिकाणी ‘आमच्यातला एक’ असं येईल. तो कोण, हे आम्ही लिहिणार नाही. त्याचं कारण वाचकांना तिथेच कळेल.

शाळेच्या पटांगणातली गाडी

आमचं गाव पणदरे. बारामतीहून नीरेकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं. नीरा डाव्या कालव्याचं पाणी आणि त्या पाण्यावरचा ऊस, हीच गावाची ओळख. हंगामात माळेगावच्या साखर कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग लागते. अब्बांचं रस्त्यालगत मोटर रिवाइंडिंगचं छोटं दुकान होतं. विहिरीवरची मोटर जळाली की शेतकरी ती खांद्यावर घेऊन यायचा. अब्बा जुनी तार काढून नवी तांब्याची तार भरायचे, वार्निश लावून उन्हात ठेवायचे. त्याशिवाय दीड एकर ऊस. खाऊन-पिऊन सुखी, पण शिल्लक काही नाही, असं घर.

कॉम्प्युटर आम्ही पहिल्यांदा पाहिला तो शाळेच्या पटांगणात. बारामतीच्या विद्या प्रतिष्ठानने त्या काळात संगणक बसवलेल्या गाड्या तालुक्यातल्या खेड्यांतल्या शाळांत फिरवल्या होत्या. शाळेत संगणकाची खोली नव्हती, तर खोलीच चाकांवर आली. आत ओळीने पडदे, थंड हवा आणि प्लास्टिकचा एक वेगळाच वास. चपला बाहेर काढून आत जायचं. एका मशीनवर दोघं-तिघं. आमच्या वाट्याला दहा मिनिटं आली. त्या दहा मिनिटांत आपाने माउसने एक घर काढलं आणि त्याला लाल रंग भरला. घरी येऊन तिने अम्मीला सांगितलं, ‘कागद नाही, पेन्सिल नाही, तरी चित्र निघालं.’ अम्मीला वाटलं पोरगी थापा मारते.

मग आली कॅफेची हौस. बारामतीत तेव्हा तासाला वीस-पंचवीस रुपये घेऊन कॉम्प्युटर देणारी कॅफे निघाली होती. सुट्टीत आम्ही दोघे भाऊ मामूंकडे राहायला जायचो आणि खाऊचे सगळे पैसे तिथे घालवायचो. ‘रोड रॅश’मध्ये मोटारसायकल पळवायची, शेजारच्याला लाथ घालून पाडायचं. ‘व्हाइस सिटी’ 2002 साली आली. ती आमच्यापर्यंत पोचायला आणखी दोन वर्षं गेली, पण पोचल्यावर आम्हाला दुसरं काही सुचेना.

आपाला मात्र कॅफेत जायची परवानगी नव्हती. तिथे पडदे लावलेल्या खुराड्यासारख्या जागा, सगळी मुलंच मुलं. अब्बा म्हणाले, पोरीने तिथे जायचं नाही. अब्बांचं चुकलं असं आम्ही म्हणत नाही, जागा तशीच होती. पण त्या गाडीत सगळ्यात चांगला हात तिचा चालला होता, आणि तीच घरी राहिली. ती आम्हाला परत आल्यावर एकेक गोष्ट विचारायची. कुठलं बटण दाबलं? मग काय झालं? आम्हाला सांगता यायचं नाही, कारण आम्ही फक्त खेळलो होतो. तिने न पाहता जेवढे प्रश्न काढले, तेवढे आम्ही पाहूनही काढले नव्हते.

नऊ हजार पाचशे रुपयांचं मशीन

2005 साली अब्बांनी पुण्याहून जुना कॉम्प्युटर आणला. पेंटियम थ्री, पाठीमागे फुगलेला पंधरा इंची मॉनिटर, कळकट कीबोर्ड. किंमत नऊ हजार पाचशे. निम्मे पैसे दुकानातले, निम्मे पतसंस्थेतून उचललेले. लोक म्हणाले, भाई, एवढ्यात दुभती म्हैस आली असती. अब्बांनी उत्तर दिलं, ‘म्हैस दूध देईल, पण पोरगी कॅफेत जायचं म्हणते त्याचं काय करू?’ मशीन आपासाठी आलं होतं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

अर्थात पहिला ताबा आम्ही भावांनीच घेतला. त्या मशीनमध्ये ‘डेंजरस डेव्ह’ आणि ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ आधीपासून होते. ‘प्रिन्स’ 1989 सालचा. तो बनवणारा जॉर्डन मेकनर हा अमेरिकेतला तरुण. राजपुत्राचं धावणं-उडी मारणं खरं वाटावं म्हणून त्याने आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला लावलं, त्याची व्हिडिओ फिल्म घेतली आणि एकेक चित्र पाहून पडद्यावर उतरवलं. हे आम्ही मोठेपणी वाचलं तेव्हा फार हसलो. जगात कुठेही जा, कामाला धाकटाच लावला जातो.

तो काळ भारनियमनाचा होता. खेड्यात दिवसाचे कित्येक तास वीज नसायची. गेम ऐन रंगात आला की पडदा काळा. अब्बांनी कुणाचा तरी टाकून दिलेला यूपीएस आणला, बॅटरी बदलली आणि चालू केला. दहा मिनिटं मिळायची. त्या दहा मिनिटांत काम जतन करून मशीन नीट बंद करायचं, ही शिस्त आम्हाला विजेने लावली. 

खरं शिक्षण सुरू झालं ते ‘व्हाइस सिटी’मुळे. कुणाकडून तरी सीडी मिळवली, पण ती आमच्या मशीनवर चालेना. का चालेना? कुणी म्हणालं, रॅम कमी आहे. रॅम म्हणजे काय? कुणी म्हणालं, ग्राफिक्स कार्ड नाही. ते कुठे बसतं? आम्ही खोका उघडला. अब्बा शेजारी येऊन बसले. सर्किट त्यांना नवीन, पण पॉवर सप्लायचा डबा पाहताच म्हणाले, ‘हे तर माझंच काम आहे.’ रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात शाळेतल्या खोडरबराने पुसले की बंद पडलेलं मशीन पुन्हा सुरू होतं, हे आम्ही त्याच वर्षी शिकलो. विंडोज बिघडवलं, पुन्हा टाकलं, पुन्हा बिघडवलं. गेमच्या हट्टापायी दोन वर्षांत आम्हाला कॉम्प्युटरचं अंतरंग कळलं. व्हाइस सिटी मात्र त्या मशीनवर शेवटपर्यंत धड चालली नाही.

आपाचा रस्ता वेगळा. तिने एमएस-सीआयटी केली. 2001 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनने हा अभ्यासक्रम गावोगाव नेला होता, आणि तालुक्याच्या ठिकाणी मुलींना निर्धास्तपणे पाठवता येतील अशी केंद्रं त्यामुळे झाली. फी हप्त्याने भरली. मग ती ‘श्रीलिपी’त मराठी टाइप करायला शिकली आणि ‘इनपेज’मध्ये उर्दू. एका निकाहाची पत्रिका तिने घरीच जुळवली, वर उर्दू, खाली मराठी. ती पाहून मोहल्ल्यातून कामं यायला लागली. शिष्यवृत्तीचे अर्ज, दहावीचा निकाल, कुणाचा बायोडेटा. पतसंस्थेचं कर्ज सव्वा वर्षात फिटलं, ते तिच्या कमाईतून. ज्यांनी म्हशीचा सल्ला दिला होता, त्यांच्या मुलाचा अर्जही तिनेच भरला.

आज आपा इंदापूर तालुक्यात सासरी सेवा केंद्र चालवते. आमच्यातला एक भाऊ पुण्यात सॉफ्टवेअर तपासण्याच्या नोकरीत आहे. दुसरा अब्बांचं दुकान पाहतो, पण तिथे आता नुसतं रिवाइंडिंग नाही. शेतकरी घरबसल्या फोन लावून विहिरीवरची मोटर चालू-बंद करतात, ते मोबाइल स्टार्टर तो बसवतो आणि दुरुस्त करतो. तांब्याची तार अब्बांची, आतलं कार्ड आमचं.

गोष्ट इथेच संपली असती तर छान होतं.

एकेचाळीस वेळा

2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि खेड्यात इंटरनेट पाण्यासारखं झालं. 2018 मध्ये मोबाइलवर पबजी आला. लहानपणी आम्ही एका मशीनवर आळीपाळीने खेळायचो. आता प्रत्येकाच्या खिशात मशीन, आणि दूरच्या चार मित्रांबरोबर एकत्र खेळता येणारा गेम. आम्हीही खेळलो. खोटं कशाला बोला, मजा यायची.

मग 2020 ची टाळेबंदी. पुण्याचं काम थांबलं, गावातलं दुकान थांबलं. आम्ही दोघे भाऊ घरात. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत खेळ. सप्टेंबरमध्ये सरकारने पबजीवर बंदी घातली. आमच्यातल्या एकाला तोवर रात्री जागायची सवय लागली होती आणि आता हातात काही नव्हतं. तेव्हा त्याने पत्त्यांच्या एका ॲपवर पन्नास रुपये लावले. एकशे ऐंशी आले.

पुढचं आम्हाला सगळं नंतर कळलं. अब्बांच्या खात्याचं यूपीआय आमच्याच फोनमध्ये होतं, कारण अब्बांना छोटी अक्षरं दिसत नाहीत. उसाचा हप्ता त्या खात्यात जमा झाला होता. त्यातून विकास सोसायटीचं पीककर्ज मार्चअखेर भरायचं होतं. वेळेत भरलं तर व्याजात सवलत, नाही तर थकबाकीदार. अब्बा सोसायटीत पैसे भरायला निघाले. त्याआधी पासबुक भरून घ्यायला बँकेत गेले, आणि खात्यावर अकराशे रुपये निघाले. अडुसष्ट हजार गेले होते.

त्या संध्याकाळी अब्बा घरी आले, मगरीबची नमाज पढली आणि सगळ्यांना बसवलं. आपालाही फोनवर घेतलं. आम्हाला वाटलं आता हात उठणार. त्यांनी कागद-पेन पुढे केलं आणि म्हणाले, ‘मोटर जळून आली तर मी तिला शिव्या देत नाही. उघडून कुठे जळाली ते बघतो. लिही, कधी किती गेले ते.’

त्याने लिहिलं. एकेचाळीस वेळा पैसे भरले होते. सगळ्यात लहान रक्कम पन्नास, सगळ्यात मोठी नऊ हजार. बहुतेक वेळा रात्री बारानंतर. मधे तीन वेळा तो जिंकलाही होता. अब्बांनी कागद वाचून घेतला आणि विचारलं, ‘जिंकलास तेव्हा थांबला का नाहीस?’ तो म्हणाला, ‘जिंकलो तेव्हा वाटलं आता जमायला लागलं. हरलो तेव्हा वाटलं हे भरून काढू आणि मग बंद करू.’ अम्मी इतका वेळ गप्प होती. ती एवढंच बोलली, ‘म्हणजे दोन्हीकडून खेळणंच.’

अब्बा म्हणाले, ‘नाव इंग्रजी आहे म्हणून फरक पडत नाही. पैसे लावून पत्ते, तो जुगारच. दादा असते तर पारावर पत्ते कुटणाऱ्यांच्या शेजारून जाऊ दिलं नसतं. इथे तर पार घरात आला, आपणच आणून दिला.’ मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी आम्ही अजून पाळतो. ‘हे कुणाकडून झालं ते या घराबाहेर जाणार नाही. कुणी विचारलं तर म्हणायचं, आमच्याकडून गेले. पोराचं नाव एकदा गावात झालं की तो सुधारला तरी नाव सुधारत नाही.’

म्हणून हा लेख आम्ही ‘आम्ही’ म्हणूनच लिहितो आहोत.

अम्मीच्या दोन बांगड्या गहाण पडल्या. आपाने तिच्या केंद्राच्या शिलकीतून वीस हजार पाठवले. सोसायटी वेळेत भरली. बांगड्या सोडवायला चौदा महिने लागले. त्याला आम्ही बारामतीत मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. गावात कुणी पाहिलं तर ‘वेड्यांचा डॉक्टर’ म्हणतील, ही भीती होतीच. डॉक्टरांनी गोळ्यांपेक्षा जास्त प्रश्न दिले. झोप किती? काम काय? रात्री एकटा का? पैशांचा फोन वेगळा करा, झोपायची वेळ बांधा, दर आठवड्याला भेटा. पाच महिने तो जात राहिला. अल्लाहच्या कृपेने आज तो नीट आहे. पण क्रिकेटच्या मोसमात टीव्हीवर त्या जाहिराती लागायच्या तेव्हा तो उठून बाहेर जायचा, हे आम्ही पाहिलं आहे.

खेळ पकडतो कसा?

आमच्या घरात यावर पुष्कळ बोलणं झालं, वाचन झालं. जे समजलं ते वाचकांसाठी थोडक्यात मांडतो.

बी. एफ. स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने गेल्या शतकात उंदीर आणि कबुतरांवर प्रयोग केले. कळ दाबली की दर वेळी दाणा मिळत असेल, तर दाणा बंद झाल्यावर प्राणी लवकरच कळ दाबणं सोडतो. पण दाणा कधी दुसऱ्या वेळी, कधी विसाव्या वेळी, असा बेभरवशाने मिळत असेल, तर तो कळ दाबतच राहतो. पैशांच्या ॲपमागे हेच आहे. साध्या गेममध्येही त्याचा अंश असतो. रोज उघडलं की बक्षीस, एक दिवस चुकला की नुकसान, उघडल्याशिवाय आत काय आहे ते न कळणारी पेटी, आणि ‘तू आला नाहीस तर आपला संघ हरेल’ हे मित्राचं बोलावणं. लहान मुलाला हे कळणार नाही. कळायला हवं ते आपल्याला.

जागतिक आरोग्य संघटनेने ‘गेमिंग डिसऑर्डर’ला आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीत जागा दिली आहे. 1 जानेवारी 2022 पासून ही यादी लागू झाली. पण कोण आजारी, याची खूण तिथे स्पष्ट आहे. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा खेळ पुढे जातो, आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहतो. हे साधारण वर्षभर टिकलं आणि घर, शिक्षण, काम यांवर गंभीर परिणाम झाला, तर तो आजार. सुट्टीत दोन तास खेळणारा मुलगा आजारी नाही. त्याला रोज आजारी म्हणत राहणं हाही अन्याय आहे.

पैशांच्या खेळाबाबत मात्र मधला रस्ता नाही. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचा खेळ, मग तो नशिबाचा असो की कौशल्याचा, चालवणं आणि त्याची जाहिरात करणं हा त्यात गुन्हा ठरवला. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, त्याला फसवला गेलेला मानलं आहे. स्पर्धेचे ई-स्पोर्ट्स आणि शैक्षणिक खेळ यांना याच कायद्याने मान्यता दिली आहे. कायदा चांगला. पण बाहेरच्या देशातून चालणारी ॲप लिंक पाठवून पोरांना गाठतात. शेवटची राखण घरालाच करावी लागते.

कुणाच्या घरी असं घडलं असेल तर लाजू नका. सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा 14416 हा क्रमांक फुकट आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीत बोलता येतं. 2021 मध्ये तो नव्हता. असता तर आम्ही पहिल्या रात्रीच लावला असता. पैशांची फसवणूक झाली असेल तर 1930 वर लगेच कळवा. पहिले काही तास मोलाचे असतात.

खेळणारा आणि बनवणारा

मग मुलांना यापासून तोडायचं का? आमचा अनुभव ‘नाही’ सांगतो.

2024 सालचं रसायनशास्त्राचं नोबेल ज्यांना मिळालं, त्यांपैकी एक डेमिस हसाबिस. लंडनमधल्या साध्या घरातला मुलगा. लहानपणी बुद्धिबळात जिंकलेल्या बक्षिसातून त्याने स्वतःचा पहिला कॉम्प्युटर घेतला. वयाच्या सतराव्या वर्षी ‘थीम पार्क’ हा गेम बनवणाऱ्यांत तो होता. तो गेम 1994 साली आला. पुढे त्याने शिक्षण पूर्ण केलं, मेंदूवर संशोधन केलं, 2010 मध्ये सोबत्यांसह ‘डीपमाइंड’ काढली. प्रथिनांचा आकार कसा असेल हे कॉम्प्युटरकडून काढून घेण्याच्या कामासाठी त्याला नोबेल मिळालं. खेळाचं वेड त्याने सोडलं नाही, त्याला कामाला लावलं. असा माणूस कोटीत एक. आपला मुलगा तसा होईल या आशेवर बसू नये. पण खेळणारा बनवणारा होऊ शकतो, एवढं त्यातून घ्यावं.

आणि हा वारसा परका नाही. कॉम्प्युटरला काम कसं करायचं याची जी पायरी-पायरीची कृती द्यावी लागते, तिला ‘अल्गोरिदम’ म्हणतात. हा शब्द नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणाऱ्या मुहम्मद बिन मूसा अल-ख्वारिझ्मी या गणितज्ञाच्या नावावरून आला. ‘अल्जेब्रा’ हा शब्दही त्यांच्याच ग्रंथाच्या नावातला. 1206 साली अल-जझारी यांनी पाण्यावर चालणारी घड्याळं आणि आपोआप हलणारी यंत्रं यांवर चित्रांसह ग्रंथ पूर्ण केला. त्यांतली काही यंत्रं लोकांच्या करमणुकीसाठीच होती. करमणुकीतही हुनर असतं, हे त्या काळच्या लोकांना माहीत होतं. आपल्या पुण्यात विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅकने 1991 मध्ये ‘परम 8000’ हा महासंगणक उभा केला. मुलांना ही नावं सांगायला हवीत. नाही तर त्यांना फक्त गेम खेळून दाखवणाऱ्यांची नावं पाठ होतात.

आमच्या शेजारचंच पाहा. माळेगावला शारदानगर इथे कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथे ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या साथीने उसाच्या शेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता वापरायचा प्रयोग सुरू केला. शेतात हवामानाचं यंत्र, जमिनीत ओल मोजणारे सेन्सर, वरून उपग्रहाचे फोटो. सगळी माहिती एकत्र करून शेतकऱ्याच्या मोबाइलवर सूचना येते, अमुक ठिकाणी पाणी द्या, इथे कीड दिसते. ज्या मोबाइलवर शेतकऱ्याचा पोरगा रात्री गेम खेळतो, त्याच मोबाइलवर ही सूचना येते. ती वाचून बापाला समजावून सांगणारा पोरगा हवा.

आमच्या घरातले नियम

चुका करून शिकलेले हे नियम आहेत. जमतील ते घ्यावेत.

पैशांचा फोन आणि खेळाचा फोन वेगळा. यूपीआयचा पिन मुलांना नाही, आणि बँकेचा मेसेज घरातल्या दोघांना जाईल अशी सोय.

खेळ सगळ्यांसमोर. बंद खोलीत, पांघरुणात नाही. आम्ही जुना कॉम्प्युटर ओसरीवर ठेवला होता, त्यामुळे अम्मीला सगळं दिसायचं. तो ओसरीवर होता तोवर आमचं काही बिघडलं नाही.

इशाच्या नमाजेनंतर सगळ्यांचे फोन एका टोपलीत. सगळ्यांचे म्हणजे मोठ्यांचेही. बाप रील बघत असताना पोराला रागावला तर पोरगा ऐकत नाही.

डाव संपेपर्यंत थांबा. भर खेळात फोन हिसकावला तर भांडण होतं. ‘हा डाव झाला की ठेव’ म्हटलं तर बहुतेक वेळा ठेवतो.

मुलीला तेवढीच संधी. घरातल्या मशीनवर मुलगा गेम खेळतो आणि मुलगी चहा करते, असं होऊ देऊ नका. आमच्या घरचं पहिलं कर्ज मुलीने फेडलं.

आठवड्यातून एकदा मुलाबरोबर खेळा. हरलात तरी चालेल. तो कुणाबरोबर काय खेळतो, हे विचारून कळत नाही, शेजारी बसून कळतं.

बैलगाडीचा गेम

आपाचा मुलगा दहा वर्षांचा आहे. सुट्टीत पणदऱ्याला आला की त्याला फोन हवा असतो. गेल्या उन्हाळ्यात आम्ही त्याला ‘स्क्रॅच’ दाखवलं. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेने मुलांसाठी 2007 मध्ये काढलेलं हे फुकट साधन. रंगीत ठोकळे एकमेकांना जोडायचे की चित्र चालू लागतं. पहिले दोन दिवस त्याला कंटाळा आला. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, यात बैल आणता येईल का?

आठ दिवसांत त्याचा गेम झाला. उसाने भरलेली बैलगाडी रस्त्याने चालली आहे. खड्डे चुकवायचे. खड्ड्यात गेली की एक मोळी पडते. दहा मोळ्या पडल्या की गेम संपला. कारखान्याच्या काट्यावर पोचली की वजन दिसतं. बैल जरा कुत्र्यासारखा दिसतो, आणि एका ठिकाणी गाडी हवेतून जाते. ते अजून त्याला दुरुस्त करता आलेलं नाही.

अब्बांनी चष्मा लावून तो गेम खेळला. पहिल्याच खड्ड्यात सगळ्या मोळ्या गेल्या. ते म्हणाले, ‘एवढे खड्डे? जरा कमी कर की.’ पोरगा म्हणाला, ‘नानाजान, खड्डे मीच ठेवलेत. म्हणाल तेवढे कमी करतो.’

आमच्यातला तो एक शेजारीच बसला होता. भाच्याला हवेतून जाणारी गाडी खाली कशी आणायची ते तो दाखवत होता. दोघांचं रात्रीच्या जेवणापर्यंत चाललं. अम्मीने दोनदा हाक मारली. तिसऱ्या हाकेला दोघांनी मशीन बंद केलं आणि हात धुऊन दस्तरखानावर आले.